"चार दिवसांत उरकतं" म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

परवा रात्री साडेदहाला मामांचा फोन आला. "अगं तो जनरल कन्व्हेन्शनचा मेसेज वाचलास का? अगदी मनातलं लिहिलंय." मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे, मूळचे नगरचे, आता न्यू जर्सीत एका एपिस्कोपल मंडळीत व्हेस्ट्रीवर आहेत, म्हणजे आपल्याकडे पंच कमिटी असते तसं. वर म्हणाले की धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या सगळ्या मंडळ्यांच्या, सभेत मी हेच मांडणार आहे. तेव्हा मात्र मला राहवेना.

ज्यांना तो मेसेज आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चचं, म्हणजे तिथल्या अँग्लिकन परंपरेच्या चर्चचं, दर तीन वर्षांनी मोठं अधिवेशन भरतं, तेच हे जनरल कन्व्हेन्शन, तिथं चर्चचे कायदे होतात. मेसेजवाल्याचं म्हणणं, हा सगळा वेळेचा आणि दानाच्या पैशाचा चुराडा आहे. २०२२ ला चार दिवसांत सगळं झालं आणि कुणाचं काही अडलं नाही, तर आता कायमचे चारच दिवस ठेवा, बिशपांचं आणि प्रतिनिधींचं अशा दोन सभागृहांचं एक करा, चर्चची घटना बदलायला लागोपाठच्या दोन अधिवेशनांत मतदान लागतं ते काढा आणि भाषणं बंद करून नुसती मतं घ्या.

आधी ते चार दिवस बघू. बाल्टिमोरचं अधिवेशन खरं २०२१ ला व्हायचं होतं, कोविडमुळे वर्षभर पुढे गेलं, मग ८ ते ११ जुलै २०२२ असं कसंबसं बसवलं, तेही मास्क लावून, टेस्ट करून, बाहेरच्यांना प्रवेश नाही आणि अगदी गरजेचं असेल तेवढंच घ्यायचं असं आधीच ठरवून. समित्यांच्या सुनावण्या त्याआधीच ऑनलाइन उरकलेल्या होत्या. मग सगळं चार दिवसांत झालं हे म्हणायचंच कसं? घरात आजारपण आहे म्हणून आपण लग्न चार माणसांत लावतो, म्हणून पुढची सगळी लग्नं तशीच लावा असं कोणी म्हणत नाही. आणि मेसेजवाल्यानं पुढचं सांगितलंच नाही. ज्या चर्चनं चार दिवस करून पाहिले त्याच चर्चनं २०२४ ला लुइव्हिलमध्ये २३ ते २८ जून असे सहा दिवस घेतले. पुरले असते तर वाढवले कशाला असते?

एकच सभागृह करा, ही गोष्टही नवी नाही. २०१२ ला इंडियानापोलिसच्या अधिवेशनानं चर्चची रचना नव्यानं मांडायला एक गट नेमला, त्यानं नेमकं हेच सुचवलं आणि २०१५ ला सॉल्ट लेक सिटीत ते मंजूर झालं नाही. मंजूर झाली ती दुसरीच कात्री, स्थायी आयोग, म्हणजे दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात काम करणाऱ्या समित्या, चौदाचे दोन केले, आणि त्यातले काही पुढे परत आणावे लागले. दोन सभागृहं का आहेत तेही बघा ना. १७८५ ला फिलाडेल्फियात पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा तिथं एकही बिशप नव्हता, पाळक आणि साधी सभासद माणसंच होती, बिशपांचं सभागृह १७८९ ला आलं. आजही प्रतिनिधींच्या सभागृहात प्रत्येक धर्मप्रांताला चार दीक्षित म्हणजे पाळकवर्गातल्या आणि चार बिनदीक्षित अशा जागा असतात, मग तो केवढा का असेना. बिशप समोर बसलेले असताना एखाद्या खेड्यातल्या मंडळीची बाई उठून "साहेब, हे चुकतंय" म्हणेल का? आपल्या मंडळ्यांत वाढलेल्यांना याचं उत्तर मी द्यायला नको.

दोन मतदानांबद्दल मात्र एक गोष्ट मान्य करावी लागते, जिवावर आलं तरी. बायकांना प्रतिनिधी म्हणून बसायला मिळावं यासाठीची दुरुस्ती १९६७ ला सिएटलमध्ये मंजूर झाली आणि दुसरं मतदान १९७० ला ह्यूस्टनमध्ये झालं तेव्हाच त्या बसू शकल्या. तीन वर्षं निव्वळ नियमापायी गेली, त्याचा मलाही राग येतो. पण १९४६ ला एक बाई निवडून येऊन बसली होती आणि १९४९ ला सॅन फ्रान्सिस्कोत निवडून आलेल्या चौघींना दारातून परत पाठवलं. १९४६ पासून मोजा. चोवीसातली तीन वर्षं नियमानं खाल्ली, उरलेली एकवीस सभागृहाच्या नकारानं खाल्ली. एका मतदानात उरकायची सोय असती तरी त्या एकवीस वर्षांत बायकांना काय मिळालं असतं?

आणि तो नियम आहे कशासाठी हे चर्चच्या घटनेतच लिहिलंय, दुरुस्तीच्या कलमात. पहिल्यांदा मंजूर झालेला बदल प्रत्येक धर्मप्रांताकडे पाठवायचा आणि त्यांच्या पुढच्या सभेत तो सांगायचा, मगच पुढच्या अधिवेशनात दुसरं मतदान. म्हणजे मधली तीन वर्षं मामांच्या सभेसाठीच ठेवलेली आहेत! जिथं उभं राहून मामा हा नियम काढा म्हणणार आहेत, त्याच सभेला त्या नियमानं मान दिलाय. नव्या प्रार्थनापुस्तकाचंही तसंच झालं, १९७६ ला एकदा मतदान, १९७९ ला पुन्हा. दर रविवारी लोकांच्या हातात असणारं पुस्तक एका दुपारच्या मतानं बदलायचं का?

आता भाषणं. माझा सगळ्यात जास्त जीव जळतो तो इथं. मतदान तिथं यंत्रावरच होतं, त्यात वाचवायला फारसं काही उरलेलंच नाही. भाषणाला माणशी दोन-तीन मिनिटं मिळतात. तीही काढायची म्हणे. या चर्चमध्ये हैती आहे, होंडुरास आहे, तैवान आहे, क्यूबा तर १९६६ ला तुटला तो २०१८ ला ऑस्टिनच्या अधिवेशनात परत आत आला. ही माणसं इंग्रजीत विचार करत नाहीत. भाषांतराला वेळ लागतो, उभं राहायला धीर लागतो. इंग्रजी घरात बोलणाऱ्याचं सहा दिवसांत भागतं तसं चार दिवसांतही भागतं. घाईत पहिल्यांदा गप्प होतो तो दुसऱ्या भाषेतला माणूस.

मामा, तुम्हाला आठवतं का, तुम्ही पहिल्यांदा सभेत बोललात ते? मी मागच्या बाकावर होते. तुमच्या हातातल्या कागदावर वर पेन्सिलीनं मराठी आणि खाली पेनानं इंग्रजी लिहिलेलं होतं, तो कागद थरथरत होता, आणि दोन वाक्यं होतात न होतात तोच वेळ संपत आल्याचा पिवळा दिवा लागला. तुम्ही थांबलात, वर पाहिलंत, आणि उरलेलं सगळं न वाचताच "थँक यू" म्हणून खाली बसलात. घरी येताना गाडीत तुम्ही ते सगळं मला मराठीत सांगितलंत, अगदी शेवटपर्यंत, इतकं चांगलं होतं. ते त्या सभेनं कधी ऐकलंच नाही. आणि तुम्हीच आता तो दिवा अजून लवकर लावा म्हणताय?

पैशाचं म्हणणं निम्मं खरं आहे, तेवढं सोडून देते. लांब अधिवेशन म्हणजे रजा, आणि तासावर पगार घेणाऱ्याला ती परवडत नाही, म्हणून रिटायर्ड आणि बऱ्या परिस्थितीतली माणसंच जास्त जातात. ठरावही भाराभर येतात, पुढे कोणी विचारत नाही असे. ते कमी करा ना. ज्यावर कोणाचाच वाद नाही ते एकगठ्ठा मंजूर करायची पद्धत आहेच, ती अजून वापरा. बुडालेल्या पगाराची भरपाई द्या. त्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही.

मामा, शनिवारी येतेय. घटनेचं ते कलम मोठ्या टाइपात छापून आणते, खाली मराठीत मीच लिहून देईन. आणि तो जुना कागद तुमच्या बायबलात असेल तर काढून ठेवा.