हात गुलाबी, तरी निर्दोष?

कोर्ट नाक्यावर कटिंग पिताना विषय निघाला तो परीक्षेचा. न्यायाधीशाच्या परीक्षेला बसणारी ताई म्हणाली, "मला लाचलुचपतीचेच खटले चालवायचेत."

निवृत्त शिरस्तेदार काका हसले. "तशी भरती नसते गं. आधी कनिष्ठ स्तर, मग वरिष्ठ, मग जिल्हा न्यायाधीश. १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३ वाच. विशेष न्यायाधीश हा सत्र, अतिरिक्त सत्र नाहीतर सहायक सत्र न्यायाधीशच लागतो. आणि बदली झाली की पुढच्या गावी अपघाताचे दावे!"

बँकवाल्या भाऊंना यात रस नव्हता. "रंगेहाथ पकडतात, हात गुलाबी होतात, तरी माणूस सुटतो. न्यायाधीशच मऊ, दुसरं काय?"

"गुलाबी पाणी सांगतं काय, भाऊ?" वकीलसाहेबांनी ग्लास खाली ठेवला. (इथे आवाज जरा खालीच ठेवलेला बरा, शेजारी कोण उभं असेल सांगता येत नाही.) "नोटांना फिनॉल्फ्थॅलीन लावलेलं असतं, सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बोटं बुडवली की रंग येतो. म्हणजे नोटांना हात लागला, इतकंच. पैसे मागितले होते का, ते पाणी कसं सांगणार? म्हणून सापळ्याआधी पंचासमोर पडताळणी, मागणी रेकॉर्डरवर. केस मरते ती तिथे. पंच दाराबाहेर, रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर, आणि सीडीसोबत रेकॉर्डिंगची नक्कल कशी काढली याचं प्रमाणपत्रच नाही. खोतकर-गोरंट्याल वादात २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं, मूळ यंत्र आणून सिद्ध करणार नसाल तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं हे प्रमाणपत्र हवंच. नव्या साक्ष कायद्यात ते कलम ६३."

"आणि तक्रारदारच फुटला तर?" ताईनं विचारलं.

"नीरज दत्ता खटला, सुप्रीम कोर्टाचं घटनापीठ, डिसेंबर २०२२," वकीलसाहेब म्हणाले. " तेवढ्यानं खटला पडत नाही. पंचाच्या साक्षीवरून, परिस्थितीवरून मागणी सिद्ध करता येते. पण सिद्ध करावीच लागते."

काकांचं दुखणं वेगळं. "खटला भरायची मंजुरी विसरलात. कलम १९, नोकरीवरून काढू शकतो त्याच अधिकाऱ्याची. तो तयार मसुद्यावर सही ठोकतो आणि उलटतपासणीत कळतं, कागद वाचलेच नव्हते. खटला २ वर्षांत संपवायचा प्रयत्न करा, मुदतवाढ धरून ४च्या वर नको, असं कलम ४ म्हणतं. तोवर तपास अधिकारी निवृत्त आणि न्यायाधीश बदलून गेलेला. नव्यानं आधीच्यानं नोंदवलेली साक्ष नुसती वाचायची. साक्षीदार कुठे अडखळला, ते कागदावर उतरत नाही."

"मग बदल्याच करू नका," भाऊ म्हणाले.

"दहा वर्षं तोच सरकारी वकील, तेच एसीबीवाले, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची माणसं? नजर मरते हो," वकीलसाहेब.

यावर दोघांचं जमलं नाही. ताई मात्र वहीत लिहीत होती, निकालात मुद्दे काढायचे ते: लोकसेवक होता का, मंजुरी वैध का, मागणी झाली का, स्वीकार झाला का.

काकांनी वाकून पाहिलं. "तिसऱ्याला चार पानं ठेव. बाकीचे अर्ध्या पानात उरकतात."