‘परवडणारी’ घरे नेमकी कोणाला परवडतात?

रखडलेले गृहप्रकल्प पूर्ण करण्यासाठी नोव्हेंबर 2019 मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या 25,000 कोटी रुपयांच्या ‘स्वामिह’ निधीमुळे अल्प उत्पन्न गटाला घरे मिळाली, असा नुकत्याच वाचलेल्या एका लेखाचा सूर आहे. निधीचे काम मी नाकारत नाही. मुंबईत बोरिवलीचा एक रखडलेला गृहप्रकल्प 2021 मध्ये त्यातूनच पूर्ण झाला. मात्र या निधीच्या निकषांनुसार मुंबई महानगर प्रदेशात दोन कोटी रुपयांपर्यंतचे घर पात्र ठरते, तर पंतप्रधान आवास योजनेच्या 2024 च्या टप्प्यात अल्प उत्पन्न गटाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा सहा लाख रुपये आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘परवडणारे’ हा शब्द किती सैल वापरला जातो, ते कळते.

दुसरे असे की, हा निधी अनुदान देत नाही, तर तारण घेऊन व्याजाने कर्ज देतो आणि विक्रीतून येणाऱ्या रकमेत उरलेला खर्च व देणी भागतील अशाच प्रकल्पांना हात लावतो. त्यामुळे टिटवाळ्याला माझ्या मावसभावाने घर घेतले त्यासारख्या लहान इमारती, जिथे चौथ्या स्लॅबवरच्या सळया गंजून वाकल्या आहेत आणि विकायला फ्लॅटच उरलेले नाहीत, त्या या हिशेबात बसणे अवघडच. तो आजही हप्ता आणि घरभाडे दोन्ही भरतो. (बँकेचा हप्ता मात्र कधी रखडत नाही!) 2025 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या 15,000 कोटींच्या दुसऱ्या निधीत अशा लहान प्रकल्पांसाठी स्वतंत्र हिस्सा राखून ठेवावा, असे मला वाटते.