रेन अमेरिकेत आपटला, म्हणून संपला?

कोरियन गाण्यांच्या आणि सिरियलींच्या चाहत्यांत एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. कोणी कुठली वाक्यं गाळतं, कोणी घालतं, पण गाभा तोच. बीटीएस या कोरियन गटाच्या आधी कोरियन कलाकारांना कोरियाबाहेर कुत्रंही विचारत नव्हतं. रेन नावाच्या एका गायक-नटाला 'जागतिक स्टार' म्हणून मिरवलं गेलं, पण ती नुसती हवा होती. 'टाइम' या अमेरिकन नियतकालिकात तो झळकला तो चाहत्यांनी मतांचा पाऊस पाडला म्हणून. कंपनीने घडवलेला देखणा बाहुला अमेरिकेत गेला, आपटला आणि घरी परतून थट्टेचा विषय झाला.

यातली दोन-तीन वाक्यं अर्धी खरी आहेत. म्हणूनच हा मजकूर इतका पटकन पटतो.

आधी ते 'कुत्रंही विचारत नव्हतं' घेऊ. २००२ मध्ये बोआ ही कोरियन गायिका जपानच्या ओरिकॉन या संगीतविक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. २००३ मध्ये 'विंटर सोनाटा' ही सिरियल जपानच्या सार्वजनिक एनएचके वाहिनीवर लागली आणि पुढच्या वर्षी तिचा नायक बे योंग-जून जपानला गेला तेव्हा विमानतळावर हजारोंची गर्दी लोटली, त्यात मध्यमवयीन बायकांचा भरणा. 'कोरियन लाट' हे नावच मुळी चिनी वृत्तपत्रांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पाडलेलं. आपल्याकडे बऱ्याच जणांचं कोरियन वेड लॉकडाउनमध्ये नेटफ्लिक्सवर सुरू झालं, म्हणून इतिहासही तिथूनच सुरू होतो असं वाटतं. मणिपूरच्या माणसाला विचारा. तिथे २००० मध्ये हिंदी चित्रपटांवर बंदी आली आणि त्यानंतरच्या वर्षांत कोरियन चॅनल आणि सीड्या घरोघरी पोचल्या होत्या.

रेन हा याच लाटेतला. खरं नाव जंग जी-हून, जन्म १९८२. २००४ मध्ये केबीएस या कोरियन वाहिनीवर आलेली 'फुल हाउस' ही त्याची सोळा भागांची सिरियल. मित्रांनी फसवून घर विकलेली एक होतकरू लेखिका, ते घर विकत घेणारा तुसडा फिल्मस्टार आणि दोघांचं करारावरचं लग्न. नायिका सोंग हे-क्यो सासरच्या वडीलधाऱ्यांपुढे तीन अस्वलांचं बालगीत हावभावांसकट म्हणून दाखवते, तो प्रसंग आशियाभर लोकांनी पाठ केला होता. पुढे याच गोष्टीवरून फिलिपिन्स, व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये तिथल्या नटांना घेऊन नव्या सिरियली निघाल्या. ज्याला कोणी विचारत नाही, त्याच्या कामाची तीन देशांत नक्कल कशाला होईल? २००४ मध्येच त्याचा 'इट्स रेनिंग' अल्बम आला. तो नट म्हणून आवडला की गायक म्हणून, याचा हिशेब लावणं कठीण. एकाने दुसऱ्याला खेचलं, हेच त्याच्या यशाचं गणित.

'टाइम'चा मुद्दा दोन ओळींत मिटतो. शंभर प्रभावी व्यक्तींच्या यादीत रेन २००६ मध्ये आला, आणि ती यादी संपादकांनी निवडलेली होती. चाहत्यांनी मतं दिली, रेन पहिला आला, ही भानगड २००७ च्या ऑनलाइन मतदानाची. दोन घटनांची खिचडी करून 'मतांमुळे झळकला' असं ठोकून दिलंय. त्या मतदानात मागे पडलेल्या स्टीफन कोल्बेर या विनोदवीराने आपल्या कार्यक्रमात कोरियन गाण्याचं विडंबन करून राग काढला, आणि पुढच्या वर्षी रेन त्याच कार्यक्रमात जाऊन त्याच्याशी नाचाची जुगलबंदी करून आला.

आता अमेरिका. इथे जरा थांबायला हवं, कारण इथे चाहतेही थापा मारतात.

फेब्रुवारी २००६ मध्ये रेनने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन कार्यक्रम केले. चाहत्यांच्या पोस्टमध्ये सोबत फोटो असतो वीसेक हजार लोक मावणाऱ्या मोठ्या रिंगणाचा. प्रत्यक्षात कार्यक्रम त्याच इमारतीतल्या थिएटरमध्ये झाले, जिथे साडेपाच हजारांच्या आसपास माणसं बसतात. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या समीक्षकाने फारसं कौतुकही केलं नाही. त्याला ते सगळं आधी अमेरिकन वाहिन्यांवर पाहिल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यात तथ्य होतं. मायकेल जॅक्सन आणि अशर या अमेरिकन गायकांच्या नाचाची छाप लपत नव्हती.

२००७ चा अमेरिकन दौरा तर फसलाच. होनोलुलूतला कार्यक्रम तोंडावर आला असताना रद्द झाला. आयोजक कोर्टात गेले आणि मार्च २००९ मध्ये तिथल्या ज्युरीने रेन आणि त्याची तेव्हाची कंपनी जेवायपी यांच्याविरुद्ध ८० लाख डॉलरहून जास्त भरपाईचा निकाल दिला. लॉस एंजेलिसचा कार्यक्रमही झाला नाही. त्यात 'रेन' या नावावर अमेरिकेत आधीच दुसऱ्यांचा हक्क असल्याचं भांडण. तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला यातल्या कशाशीच देणंघेणं नसतं, त्याला कार्यक्रम हवा असतो. इथे रेनची बाजू घेण्यात अर्थ नाही.

पण मग 'आपटला' म्हणजे नेमकं काय? २००८ मध्ये 'स्पीड रेसर' या हॉलिवूडपटात त्याला दुय्यम भूमिका मिळाली. चित्रपट पडला, पण त्याच निर्मात्यांनी पुढच्या वर्षी त्याला 'निंजा असॅसिन'चा नायक केलं. कोरियातून आलेल्या नटाला वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रपटात थेट मुख्य भूमिका, हे तोवर जवळजवळ घडतच नव्हतं. (कोरियन माणसाला घेऊन जपानी निंजा बनवला, हा हॉलिवूडचा नेहमीचा आळस.) खर्च ४ कोटी डॉलरच्या आसपास, जगभरची तिकीटविक्री ६ कोटींच्या थोडी वर. थिएटरवाल्यांचा वाटा वजा केला तर यात घबाड नाही, हे कबूल. गोष्टही यथातथाच. मात्र साखळीला बांधलेलं पातं फिरवणारा तो पिळदार, अजिबात न हसणारा माणूस 'फुल हाउस'मधल्या त्या रुसणाऱ्या नवऱ्याशी ताडून पाहा, मग नटाची मेहनत कळते.

मधल्या काळात तो करत काय होता, हे तर मजकुरात कुठेच नाही. २००६ मध्ये कोरियन दिग्दर्शक पार्क चान-वूकच्या 'आय अ‍ॅम अ सायबॉर्ग, बट दॅट्स ओके'मध्ये त्याने मनोरुग्णालयातला एक चोरटा रंगवला. हा चित्रपट बर्लिन महोत्सवात आल्फ्रेड बाउअर पुरस्कार घेऊन आला. मे २००७ मध्ये त्याने टोकियो डोममध्ये कार्यक्रम केला. ऑगस्ट २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या समारोपाला चिनी आणि हाँगकाँगच्या गायकांबरोबर मंचावर होता. टोकियो, बीजिंग, बँकॉक, हाँगकाँग हे त्याचं 'बाहेर' होतं. ते वगळायचं, फक्त न्यूयॉर्क मोजायचं आणि मग माणूस नापास ठरवायचा, ही मोजदादच लबाडीची आहे. पुढे २०१४-१५ मध्ये तो चिनी चित्रपट आणि सिरियलींतही दिसला. २०१६ मध्ये दक्षिण कोरियाने अमेरिकेची थाड ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायचं ठरवलं आणि ते न रुचलेल्या चीनने, तसं जाहीर न करता, कोरियन कलाकारांना दारं लावून घेतली. ते दार रेनमुळे बंद झालं नाही.

'कंपनीचा बाहुला' या आरोपाला मी फार वेळ देणार नाही. जेवायपीच्या पार्क जिन-यंगने त्याला घडवलं, हे खरं. पण त्याआधी १९९८ मध्ये 'फॅनक्लब' नावाच्या गटातून त्याने पदार्पण केलं आणि तो गट चालला नाही. पापण्यांची शस्त्रक्रिया करून घे, असं निवडचाचणीत तोंडावर ऐकून घ्यावं लागल्याचं त्याने मुलाखतींत सांगितलंय. आईला त्याने मधुमेहात गमावलं, इन्सुलिनला पैसे नव्हते तेव्हा. पार्कच्या मागे उभा राहून नाचण्यापासून त्याची तिथली सुरुवात झाली, २००२ मध्ये स्वतःचा अल्बम आला, २००७ मध्ये त्याने ती कंपनी सोडून आपली काढली आणि २००९ मध्ये 'एमब्लॅक' हा गट उभा केला. बाहुले गट उभे करत नाहीत.

राहिला थट्टेचा विषय. थट्टा झाली, भरपूर झाली. सैन्यात असताना कामाच्या वेळेत प्रेयसीला भेटल्याबद्दल २०१३ मध्ये त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आणि लोक खवळले. २०१९ मध्ये सायकलपटू उम बोक-दोंगवरचा त्याचा चित्रपट जेमतेम १ लाख ७० हजार लोकांनी पाहिला, तेव्हा कोरियन टवाळांनी 'यूबीडी' नावाचं मापच काढलं. एक यूबीडी म्हणजे १ लाख ७० हजार प्रेक्षक. दुसऱ्या कुठल्या चित्रपटाचा गल्ला सांगायचा तर तो इतके यूबीडी. आणि २०१७ चं 'कांग' हे गाणं, ज्यात तो स्वतःच्याच थोरवीचे पोवाडे गातो, ते आधी कोणी ऐकलंच नाही आणि २०२० मध्ये चेष्टेसाठी लाखोंनी पाहिलं. 'रोज एक कांग' अशी टूम निघाली.

तेव्हा रेनने काय केलं? यू जे-सोक या टीव्ही सूत्रसंचालकाच्या कार्यक्रमात तो हसत येऊन बसला आणि म्हणाला, दिवसातून एकदा कसलं, तीनदा तरी बघा. जे पार्क या रॅपरच्या कंपूने त्या गाण्याची नवी आवृत्ती काढली, ती गाण्यांच्या यादीत वर गेली. नाँगशिम कंपनीने नावाच्या यमकाचा फायदा घेत 'सेउकांग' या कोळंबीच्या चवीच्या कुरकुऱ्यांच्या जाहिरातीत त्यालाच घेतलं. त्याच उन्हाळ्यात यू जे-सोक आणि गायिका ली ह्योरीबरोबर 'एसएसएके३' या गटातून त्याने गायलेलं 'बीच अगेन' कोरियाच्या याद्यांत पहिल्या क्रमांकावर गेलं. एकट्याच्या पदार्पणाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. त्यानंतर २०२२ मध्ये 'घोस्ट डॉक्टर' आली, २०२४ मध्ये डिस्नेवर 'रेड स्वान'.