प्रकल्प उभा राहतो, मग त्याच्याकडे बघतं कोण?

परवा कोल्हापुरात सायबर चौकातल्या टपरीसमोर वाद पेटला तो मास्तरच्या एका वाक्यावरून. मास्तर गावाकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. चहा हातात यायच्या आधीच तो म्हणाला, "आमच्या कॉलेजातला बायोगॅस बंद पडला. नॅकची, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या परिषदेची, कमिटी येऊन गेली आणि दोन महिन्यांत बंद."

"मग त्यात नवल काय?" इंजिनिअर म्हणाला. त्याचा धंदा सोलर बसवण्याचा. शाळा, कॉलेजं, दूध संस्था, सगळीकडे त्याची कामं चालू असतात. "नॅकच्या हजार गुणांत सातव्या निकषाला शंभर गुण होते. त्यात सौरऊर्जा, कचरा, पावसाचं पाणी, ग्रीन ऑडिट, सगळं बसायचं. जिओटॅग, म्हणजे जागेची नोंद असलेला, फोटो अपलोड केला की काम झालं. फोटोपुरता चालला की प्रकल्प चालला."

"तसं नाही रे," मास्तर तापला. "तो चांगला चालला होता. मी स्वतः बघितलाय."

आणि मग त्यानं जे सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हॉस्टेलच्या मेसचं खरकटं आणि भाजीचा कचरा टाकून गॅस करायचा, तो पुन्हा मेसच्याच शेगडीला द्यायचा, अशी ती योजना. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' नावाचं तंत्र विकसित केलं, त्याच धर्तीवरचं काम. आधी कचरा दळून त्याची लापशी करायची, मग ती टाकीत सोडायची. यात अट एकच, पण ती कडक आहे. नारळाच्या करवंट्या, अंड्याची टरफलं, हाडं आणि प्लॅस्टिक आत जाता कामा नये. गेलं तर दळायचं यंत्र अडकतं, नाहीतर टाकीच्या तळाला गाळ साचत जातो.

मेसमध्ये एक मावशी होत्या. दोन बादल्या घेऊन खरकट्याच्या टेबलाजवळ बसायच्या. पोरगं ताट रिकामं करायला आलं की दह्याची पिशवी वेगळी, चमचा वेगळा, अंड्याचं टरफल वेगळं. एखाद्यानं तसंच ओतलं तर त्याला परत बोलवायच्या आणि त्याच्याच हातानं निवडून घ्यायच्या. महिन्याभरात पोरांना सवय लागली. सकाळच्या चहाचं आधण त्या गॅसवर ठेवलं जायचं.

"पुढं काय झालं?"

"सफाईचा ठेका बदलला. नवा ठेकेदार, नवी माणसं. मावशी गेल्या. नव्या बाईंना कुणी काही सांगितलंच नाही. आठ दिवसांत स्टीलचा चमचा दळायच्या यंत्रात गेला आणि पातं तुटलं. दुरुस्तीचा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा यावर कागद फिरत राहिला. आता त्या टाकीवर पोरं बसून मोबाइल बघतात."

माझं म्हणणं असं की त्या प्रकल्पात टाकी, पाइप आणि शेगडी या गोष्टी विकत मिळण्यासारख्या होत्या. मावशींची नजर तेवढी विकत मिळत नव्हती. आणि नेमकी तीच सगळ्यात कमी पगारावर, सगळ्यात कच्च्या करारावर ठेवली होती. प्रकल्पाच्या अहवालात मावशींचं नाव तर सोडाच, त्या कामाचा उल्लेखही नव्हता, असं मास्तर सांगतो.

इंजिनिअरला हे पटलं नाही. "तू माणसांवर प्रकल्प उभा करायला बघतोस. माणूस बदलणारच. व्यवस्था अशी पाहिजे की बंद पडणं कुणाला तरी परवडू नये." त्यानं त्याच्या धंद्यातलं उदाहरण दिलं. कॉलेजनं स्वतःच्या पैशानं छतावर सोलर बसवलं तर बसवणारा बिल घेऊन निघून जातो. पॅनलवर धूळ बसते, पक्षी घाण करतात, वीजनिर्मिती घसरत जाते आणि कॉलेजात कुणी मीटर बघतही नाही. पण दुसरी एक पद्धत आहे. पॅनल कंपनीचे, छत कॉलेजचं, आणि कॉलेजनं पैसे द्यायचे ते तयार झालेल्या युनिटचे. "आपल्याकडे एका किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धर. चाराचे तीन झाले की कंपनीचा खिसा फाटतो. मग ती स्वतःहून माणूस पाठवते पॅनल धुवायला. कुणाला सांगावं लागत नाही."

खरं सांगायचं तर इथं इंजिनिअरनं बाजी मारली. मास्तरही गप्प झाला. प्रकल्प उभा करण्याला पैसे न देता चालण्याला पैसे दिले की बऱ्याच गोष्टी सरळ होतात. मावशींच्या बाबतीतही हे करता आलं असतं. महिन्याला गॅसचे किती सिलिंडर वाचले ते मोजायचं आणि त्यातला वाटा निवडणाऱ्या माणसाला द्यायचा. मेसच्या वहीत सिलिंडरचा हिशेब असतोच, वेगळं काही मांडावं लागत नाही.

तेवढ्यात बॉटनी बोलली. ती वनस्पतिशास्त्रात पीएचडी करते, कट्ट्यावर तिला सगळे बॉटनीच म्हणतात. "युनिट मोजता येतं तिथं तुझं बरोबर आहे. पण जिथं काहीच करायचं नाही हेच काम आहे, तिथं मीटर कुठं लावणार?"

"म्हणजे?"

"माळ."

आणि इथून चर्चा विद्यापीठावर आली. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झालं ते शहराबाहेरच्या उघड्या माळावर. आवार ८५३ एकरांचं. आज तिथं सावली आहे, मोर आहेत, सकाळी फिरायला निम्मी राजारामपुरी जाते. इंजिनिअरचं म्हणणं, अजून बरीच जागा मोकळी पडली आहे, तिथं मियावाकी पद्धतीनं दाट झाडी करावी, एका चौरस मीटरमध्ये तीन रोपं, दोन-तीन वर्षांत जंगल.

बॉटनीनं कप खाली ठेवला. "मोकळी पडलेली नाहीये ती. गवताळ माळ हा स्वतःच एक अधिवास आहे. कासचं पठार बघायला तुम्ही गाड्या काढून जाता, तिथं कुणी तीन रोपं लावली तर चालेल का?"

तिनं कंदीलपुष्पाचं सांगितलं. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. सह्याद्रीच्या सड्यांवर म्हणजे खडकाळ पठारांवर, माळांवर, कड्यांवर तिच्या अशा जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठंही सापडत नाहीत. उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही, सगळा जीव जमिनीखालच्या कंदात. पावसाळ्यात कोंब येतो आणि फूल लागतं ते कंदिलासारखं, खाली फुगीर, वर पाकळ्या टोकाला जुळलेल्या. बारीक माशी नळीतून आत शिरते. आतल्या केसांमुळे तिला लगेच बाहेर पडता येत नाही. ते केस सुकले की ती परागकण घेऊन सुटते. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. एस. आर. यादव यांनी या वनस्पतींवर आयुष्यभर काम केलं, नव्या जाती शोधल्या आणि दुर्मीळ जाती विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात वाढवून जपल्या.

"आता सांग," बॉटनी म्हणाली, "मे महिन्यात जेसीबी आणून खड्डे काढले तर कंद दिसेल का कुणाला? वर तर काहीच नसतं. मोकळी जागा म्हणून फोटो काढला जाईल आणि जुलैत तिथं वृक्षारोपणाचा दुसरा फोटो."

वृक्षारोपण म्हटल्यावर सगळ्यांनाच आपापली वर्षं आठवली. राज्य सरकारनं २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार, २०१८ मध्ये तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. एनएसएसची पोरं खड्डे काढायला होतीच. झाडं लावू नका असं कुणीच म्हणत नाही. रस्त्याच्या कडेला, हॉस्टेलच्या पश्चिमेच्या भिंतीला, पार्किंगला सावली हवीच, आणि ती वड, करंज, जांभूळ अशी आपल्या मातीतली असावी. पण लावलेलं झाड तीन उन्हाळे जगवायचं कुणी, हा प्रश्न आकड्यात कधी दिसत नाही.

इंजिनिअर हटला नाही. "बरं, माळ राखला. पण त्यातून विद्यापीठाला मिळालं काय? पैसे मागायला जाशील तर हेच विचारतील."

याचं उत्तर दिलं दाजीनं. दाजी करवीर तालुक्यातला शेतकरी, संध्याकाळचं दूध घालून कट्ट्यावर येतो. तोवर तो काही बोलला नव्हता. "पाणी मिळालं की," तो म्हणाला. "किती एकर म्हणालात?"

मास्तरनं मोबाइलवर हिशेब मांडला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. ८५३ एकर म्हणजे साधारण साडेचौतीस लाख चौरस मीटर. पाऊस हजार मिलिमीटर धरला तर वर्षाला ३४५ कोटी लिटर पाणी त्या आवारावर पडतं. सगळं हाती लागत नाही. काही वाफ होऊन जातं, काही गवत पितं, काही ओढ्याला लागतं. पण उतारावर चर आणि बांध असले, तळी गाळ काढून राखलेली असली, तर दहावा हिस्सा जरी अडला तरी ३४ कोटी लिटर होतात.

"गवताची मुळं माती धरून ठेवतात म्हणून तळ्यात गाळ कमी येतो," दाजी म्हणाला. "माळ उकरला की पहिल्या पावसाला सगळी माती तळ्यात. आमच्या शेततळ्याला हेच झालं, वरचा माळ सपाट केला आणि तळं भरलं चिखलानं."

विद्यापीठानं हे काम केलेलं आहे, हे इथं नोंदवायलाच हवं. आवारातले तलाव, शेततळी आणि विहिरी यांच्या जोरावर पाण्याच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी स्वतःच्या पायावर उभं राहिलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्याची किंमत शहराला कळली. शहराला पाणी देणारी शिंगणापूर आणि बालिंग्याची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली होती. दारात पंचगंगा आणि घरात नळाला थेंब नाही, अशी गत. विद्यापीठ उंचावर असल्यानं तिथलं पाणी त्या दिवसांत लोकांच्या कामी आलं. तोवर तलावातला गाळ काढण्यावर, विहिरी साफ करण्यावर झालेला खर्च कुणाला मोठा पराक्रम वाटला नसेल.

याच्या उलट चित्र मी एका कॉलेजात बघितलंय. भिंतीवर हिरव्या रंगात सुबक अक्षरं, 'पर्जन्य जलपुनर्भरण प्रकल्प', खाली उद्घाटनाची तारीख आणि पाहुण्यांची नावं. गच्चीवरून येणारा पाइप वळणाच्या सांध्यात निखळलेला. धो धो पाऊस चालू होता आणि सगळं पाणी खड्ड्यापासून दोन हात अलीकडे भिंतीवर पडत होतं. भिंतीला शेवाळ धरलेलं. शोषखड्ड्याची जाळी उचलून बघितली तर आत पालापाचोळा आणि गुटख्याच्या पुड्या. तो सांधा बसवायला प्लंबरचा अर्धा तास पुरला असता. पण प्लंबरचं पद रिक्त होतं, आणि अर्ध्या तासाच्या कामाला निविदा निघत नाही.

मला राग येतो तो याचा. पर्यावरण सांभाळायचं म्हणून आपण जे काही बांधतो त्यातलं बहुतेक माळी, प्लंबर, वायरमन आणि सफाईवाल्या बायका यांच्या रोजच्या हातावर चालतं. आणि तीच पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत. अनुदान मिळतं ते बांधकामाला. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाचा निधी, मिळतो तो नव्या गोष्टीला, ज्यावर पाटी लावता येते. पोरांचा पर्यावरणाचा पेपर तरी वेगळा कुठं आहे? सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सांगितलं म्हणून हा विषय सक्तीचा झाला, आणि आज त्याचा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो. त्यापेक्षा त्याच पोरांना आपल्याच कॉलेजच्या गच्चीवरचे पाइप तपासायला लावले, पाण्याचं मीटर दर आठवड्याला वाचून फलकावर लिहायला लावलं, तर गुणही देता येतील आणि निखळलेला सांधाही सापडेल. मास्तरला ही कल्पना आवडली. पण तो तासिका तत्त्वावर आहे, पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात असेल याची खात्री त्यालाच नाही.

"मग करायचं काय?" इंजिनिअर म्हणाला. "इथं चहा पिऊन पदं भरली जाणार आहेत का?"

मास्तरनं विचारलं, "तुझी पदवीधर म्हणून विद्यापीठात नोंदणी आहे?"

नव्हती. बॉटनीची होती, माझी होती. विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात आणि वार्षिक अंदाजपत्रक अधिसभेपुढे येतं. त्या सदस्यांना गाठून मागणी करायची असं ठरलं. पहिली मागणी, पर्यावरणाच्या प्रत्येक प्रकल्पाला देखभालीची वेगळी तरतूद आणि तिथं काम करणाऱ्या माणसाचं नावानिशी पद. ती असल्याशिवाय नव्या प्रकल्पाला मंजुरी नको. यावर कुणाचं दुमत नव्हतं.

दुसरी मागणी बॉटनीची. माळाचा नकाशा करा, पावसाळ्यात फिरून कुठं काय उगवतं ते नोंदवा आणि तेवढ्या जागेत खड्डा काढायला बंदी घाला. इंजिनिअर यावर अजून अडून बसलाय. त्याच्या मते अशी बंदी कागदावर आली की उद्या सोलरलाही जमीन मिळणार नाही. बॉटनी म्हणते, इमारतींची छतं आधी भरा, मग जमिनीचं बोलू. दाजी बारावीपर्यंत शिकला, त्यामुळं पदवीधरांच्या निवडणुकीत त्याला मत नाही, पण चर कुठं काढायचे आणि कुठल्या तळ्याचा गाळ आधी उचलायचा हे प्रत्यक्ष फिरून लिहून द्यायला तो तयार आहे. रविवारी सकाळी तो आणि बॉटनी आवारात फिरणार आहेत. इंजिनिअरही येतो म्हणालाय, छतं मोजायला.