कमलाबाईंना ‘पहिली’ म्हणून गुंडाळू नका

दरवर्षी ३ मे जवळ आला की दादासाहेब फाळक्यांचे फोटो फिरायला लागतात. ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३, आणि तारामती म्हणून साडी नेसलेले अण्णा साळुंके. बाई मिळेना म्हणून ग्रँट रोडच्या खाणावळीतला आचारी राणी झाला, हा किस्सा आपल्याला तोंडपाठ आहे. मग कुणीतरी भर घालतं की पुढच्याच सिनेमात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, बाया आल्या: दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. पहिली नायिका कमलाबाई गोखले. एका मार्काचं उत्तर मिळालं, विषय संपला.

मला राग येतो तो इथे. १९१३ साली कमलाबाई जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. खरं आयुष्य तर त्यानंतरचं आहे, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

आधी दुर्गाबाई. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरात एक पोर असलेली ब्राह्मण घरातली बाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा बाईपुढे वाटा किती होत्या? कुणाच्या तरी घरी भांडी घासायची, स्वयंपाक करायचा, दिराच्या नाहीतर भावाच्या उंबऱ्यात मान खाली घालून राहायचं. दुर्गाबाईंनी फिरती नाटक कंपनी धरली. लोकांनी वाळीत टाकलं, ते तर होणारच होतं. कमलाबाई चार-पाच वर्षांच्या असताना रंगमंचावर उभ्या राहिल्या त्या अशा घरातून. फाळक्यांनी पुढे नाशिकला या दोघींना कॅमेऱ्यासमोर आणलं. मायलेकी पुरत्या बदनाम आधीच झाल्या होत्या, तेव्हा सिनेमाने आणखी काय वाकडं होणार होतं!

कमलाबाईंचं लग्न रघुनाथराव गोखल्यांशी झालं, तेही नाटकवालेच. पंचविशीच्या आसपास नवरा गेला. मुलगे तिघं.

फिरत्या कंपनीत बिऱ्हाड म्हणजे काय, ते आज कल्पनेतही येत नाही. एका गावचे खेळ संपले की पडदे गुंडाळायचे, पेटारे बांधायचे, रेल्वे नाहीतर बैलगाडी गाठायची. पुढच्या गावी जेवणाची पंगत सगळ्यांची एकत्र. खेळ रात्री उशिरा सुरू व्हायचा आणि पदांना वन्समोअर मिळत गेले तर पहाटेपर्यंत चालायचा. गल्ला भरला तर पगार, पाऊस लागला की तोही थकला. सुटी नाही, आजारपण नाही. या रगाड्यात एका विधवेने मुलं वाढवली. बालगंधर्वांच्या शालूवर महाराष्ट्र जीव टाकत होता त्याच काळात कमलाबाई पुरुषांच्या भूमिकाही करत होत्या. त्या बाजूचं कौतुक आपण किती केलं, ज्याचं त्याने आठवून बघावं.

मग १९३१ साली बोलपट आला आणि नाटक कंपन्यांचं कंबरडंच मोडलं. पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे तारामती झाल्या, तेव्हा ‘चांगल्या घरातली मुलगी सिनेमात आली’ याचं केवढं अप्रूप! (दुर्गाबाई खोट्यांबद्दल आदरच आहे, त्यांनीही दोन मुलगे एकटीने वाढवले.) पण एकोणीस वर्षं आधी ज्या मायलेकी आल्या, त्या वाईट घरातल्या होत्या का?

कमलाबाई नाटक करत राहिल्या, मिळतील ते सिनेमेही केले. मुलगा चंद्रकांत गोखले लहानपणीच रंगमंचावर उभे राहिले, कारण घरात आणखी एक मिळवता हात हवा होता. लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले. पुढे चंद्रकांतांचा मुलगा विक्रम गोखले. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा ‘अभिनयाचा वारसा लाभलेले घराणे’ असं जिथे तिथे छापून आलं. वारसा म्हटलं की वाडा, जमीन असलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. इथे वारसा म्हणजे पोटापाण्याची सोय होती, दोन बायांनी लोकांचे शब्द झेलत केलेली.

आणि कृपा करून याला ‘मुलांसाठी केलेला त्याग’ वगैरे म्हणू नका. रीना मोहन यांनी कमलाबाईंवर केलेला माहितीपट मिळाला तर जरूर बघा. नव्वदीला टेकलेली म्हातारी जुनी भाषणं म्हणायला लागते आणि बघता बघता चेहराच पालटतो. परिस्थितीने ढकललं हे खरंच. पण या बाईला रंगमंच मनापासून आवडत होता, आणि आवडीचं काम करून घर चालवलं म्हणून तिचे कष्ट कमी होत नाहीत. आपल्याला कर्तबगार आजी चालते, फक्त ती सोसणारी हवी. हौसेने, मिजाशीत जगलेली असली की आपली जरा पंचाईत होते.

एक विनंती. कुणाच्या घरी पणजोबांनी जपलेली जुन्या नाटकांची हँडबिलं, कंपन्यांचे फोटो पडून असतील तर टाका इथे. त्यात बायकांची नावं कुठे छापलेली दिसली, तर तेवढ्या भागाचा फोटो जवळून काढा.