पेटी, ड्रम आणि पंतय पिलात

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात मला दोघांनी पैसे मागितले. आधी नगरहून धाकट्या चुलतभावाचा निरोप आला : तरुण संघ इलेक्ट्रॉनिक ड्रम घेतोय, दादा, तू पाउंडात कमावतोस, निम्मे तरी तुझ्याकडून. दोन दिवसांनी आत्याचा फोन. चर्चच्या पेटीचा भाता फाटलाय, सूर धरत नाही, पुण्याहून कारागीर बोलवायचाय, आणि त्या पोरांच्या धिंगाण्याला तू छदाम जरी दिलास तर मला आत्या म्हणू नकोस.

आमच्या मंडळीत हा वाद तीनेक वर्षं धुमसतोय. तरुणांना रविवारी हिंदी गाणी हवीत, भिंतीवर शब्द हवेत, गिटार हवी. जुन्यांना गीतांचं पुस्तक, पेटी-तबला आणि सवयीच्या चाली. इथवर ठीक आहे; पण वाद चालीपाशी थांबत नाही. तरुण म्हणतात, म्हाताऱ्यांच्या भक्तीत जिवंतपणा नाही, हे नावाचे ख्रिस्ती. म्हातारे म्हणतात, ही पोरं कुठल्या तरी हॉलमधल्या सभेतून उड्या मारायला शिकून आली, यांना मतांगीकारसुद्धा, म्हणजे ‘मी अमुक मानतो’ असं रविवारी सगळ्यांनी म्हणायचं श्रद्धेचं निवेदनसुद्धा, पाठ नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं अकरा लाखांच्याही आत, म्हणजे राज्याच्या एक टक्काही नाहीत. तेवढ्यात पुन्हा खरे आणि खोटे.

एक शब्द मला विशेष खटकतो. भावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रविवारची सूचना असते : ‘साडेनऊला वर्शिप, सव्वादहाला संदेश.’ म्हणजे गाण्यांची पंचेचाळीस मिनिटं ही उपासना, आणि मग उरलेलं काय? प्रार्थना, वाचन, अर्पण, भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचं प्रभुभोजन, ही काय मधल्या वेळची कामं? गंमत अशी की आत्याच्या बाजूनेही उपासना म्हणजे गाणंच धरलंय, फक्त वाद्य वेगळं. आणि ज्याला ती ‘आपलं जुनं’ म्हणते, त्यातल्या निम्म्या चाली मिशनऱ्यांनी बोटीतून आणलेल्या. उरलेलं अभंगाचं वळण ना. वा. टिळकांनी रुजवलेलं. रत्नागिरीकडचा हा ब्राह्मण कवी १८९५ साली ख्रिस्ती झाला आणि ख्रिस्ताला ओवी-अभंगात घेऊन आला. तेव्हा तेही नवंच होतं की.

मी राहतो डिडकॉटला, ऑक्सफर्डच्या दक्षिणेला. रविवारी जातो ते चर्च शेजारच्या गावातलं. दगडी, थंडगार, सातशे वर्षांचं. माणसं सोळा, फार तर अठरा. माझं वय पंचेचाळीस, आणि मला तिथे ‘यंग मॅन’ म्हणतात. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले, दहा वर्षांपूर्वी ते ५९.३ होते. आपल्याकडे वाद घालायला निदान माणसं आहेत, असं मी कधी कधी भावाला म्हणतो. त्याला ते टोमण्यासारखं लागतं. थोडं असतंही.

लहानपणी नगरला मतांगीकार म्हणताना मला एक कोडं पडायचं. देवावर विश्वास, त्याच्या पुत्रावर विश्वास, कुमारी मरिया, हे सगळं समजल्यासारखं वाटायचं. आणि मग एकदम, ‘पंतय पिलाताच्या वेळी’. हे कुठले पंत? आमच्या गल्लीत एक पंत होते, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. मला कितीतरी दिवस वाटत होतं की येशूला क्रुसावर द्यायच्या भानगडीत त्यांच्या घराण्यातलं कुणीतरी असणार. पिलात हा रोमन सुभेदार होता हे पुढे कळलं. आज मात्र वाटतं, सगळ्या मतांगीकारात हेच नाव सगळ्यात मोलाचं. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा काय, तर देव अमुक एका सुभेदाराच्या कारकिर्दीत, अमुक एका गावाच्या वेशीबाहेर माणसाच्या देहात मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. तत्त्वज्ञान नंतर. आधी हे एवढं घडलं असं म्हणायचं, आणि म्हणताना एका सरकारी अधिकाऱ्याचं नाव घ्यायचं.

प्रेषितांचा मतांगीकार ‘मी विश्वास धरतो’ असा सुरू होतो. इथे रविवारी नायसियाचा म्हणतात, तो ‘आम्ही’ने सुरू होतो. मूळ ग्रीकमध्येही ‘आम्ही’च आहे. माझ्या शेजारच्या बाकावर एक निवृत्त शिक्षक बसतात. ‘कुमारी मरिया’ आलं की ते ओठ मिटतात, पुढच्या ओळीला पुन्हा सुरू. एकदा चहाच्या वेळी मी धीर करून विचारलं. ते म्हणाले, माझ्यापुरतं तेवढं बाकीचे म्हणतात ना. मी हे आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, असल्या माणसाला प्रभुभोजन कसं देतात? भावाला सांगितलं तर तोही अगदी तेच म्हणाला. वर्षभरात दोघांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

डिडकॉटहून वाँटेज गाडीने वीसेक मिनिटं. बाजारचौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा, भोवती भाजीवाले, केकवाले. याच गावात १८४८ साली स्थापन झालेल्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, जोगिणींच्या मठात पंडिता रमाबाई राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ला मुलगी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. आमच्याकडे रमाबाई म्हणजे केडगाव, मुक्ती मिशन, शेवटच्या आजारापर्यंत चाललेलं सोप्या मराठीतलं बायबल. भिंतीवरची तसबीर. वाँटेजच्या रमाबाई मात्र भांडकुदळ आहेत. अथनासियस या प्राचीन बिशपाच्या नावावर चालणारा जो मतांगीकार आहे, त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, याची) कलमवार व्याख्या आणि ती न मानणारा कायमचा नाश पावेल अशी ताकीद, तो त्यांच्या गळी उतरेना. जोगिणी समजावीत, या पत्रावर पत्र लिहीत. चर्च सांगतं म्हणून नव्हे, शास्त्रात मला दिसलं तर मानीन, हा त्यांचा धोशा. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, त्यालाही हरकत : मला न कळणारी भाषा कशाला, संस्कृत का नको? घरी आईकडून संस्कृत शिकलेली, पायी देश तुडवत पुराणं सांगितलेली बाई ती. तिला लॅटिनचा दरारा वाटणार कसा?

पुढे त्यांची श्रद्धा बदलत गेली, ती हकिगत निराळी. मला लक्षात राहतं ते हे की १८८४-८५ साली रमाबाई आमच्या पंचकमिटीपुढे उभ्या राहिल्या असत्या, तर आत्याने त्यांना मतांगीकाराच्या परीक्षेत नापास केलं असतं आणि भावाने तारणाच्या अनुभवाच्या.

पण म्हणून मतांगीकार म्हणजे नुसतं कलमांचं ओझं, हेही मी मानत नाही. इथे काही जण तसं म्हणतात : श्रद्धा बाजूला ठेवा, चांगलं वागलं की झालं. ते मला फार स्वस्त वाटतं. ३२५ साली काँस्टंटाइन बादशहाने नायसियाला बिशपांची परिषद भरवली, ती अलेक्झांड्रियाच्या एरियसमुळे. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणजे एक काळ असा होता की तो नव्हता, असं त्याचं म्हणणं. परिषदेने ठरवलं : पुत्र पित्याशी एकतत्त्व. शब्दाचा कीस वाटतो खरा. पण लोक येशूची प्रार्थना करत होतेच. तो निर्माण केलेला असेल तर ती मूर्तिपूजा ठरते, नसेल तर ‘देव एकच’ याचा अर्थ नव्याने लावावा लागतो. भक्ती आधीपासून चालू होती, बिशप मागून हिशेब जुळवत होते. नायसिया आज तुर्कस्तानात, नाव इझनिक.

त्याच बिथुनिया प्रांतात, परिषदेच्या दोनशे वर्षं आधी, इ. स. ११२च्या सुमारास प्लिनी नावाचा सुभेदार होता. ख्रिस्ती लोकांचं काय करायचं म्हणून त्याने त्रायान बादशहाला पत्र लिहिलं. बाहेरच्या माणसाने केलेलं उपासनेचं इतकं जुनं वर्णन क्वचितच मिळतं. ठरलेल्या दिवशी पहाटेच्या आधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात. शपथ घेतात : चोरी, दरोडा, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, ठेव परत मागितली तर नाकारणार नाही. मग पांगतात आणि पुन्हा जमून जेवतात, साधंसुधं अन्न. खरं काय ते काढून घ्यायला प्लिनीने दोन दासींचा छळ केला. मंडळीत त्या दोघींना सेविका म्हणत.

गाणं आहे, नाही असं नाही. पण एका ओळीत आटोपलंय. शपथेला पाच कलमं, आणि त्यातही ठेवीचं! नगर जिल्ह्यातल्या माणसाला ठेव परत न मिळणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आणि शेवटी जेवण.

जेवणाची गोष्ट आमच्याकडे नाजूक. आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी गावातल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा सगळ्यांचा एकच, पण कापणीच्या सणाला महारवाड्यातून आलेले एका बाजूला बसत आणि मांगवाड्यातून आलेले दुसऱ्या. कुणी बसवत नसे, बसत. आज तसं दिसत नाही. पण सोयरीक जुळवताना आत्या अजून हळूच विचारते, मूळचे कोण? नगरला प्रभुभोजनाला काचेच्या इवल्या पेल्या असतात, मनुका भिजवून केलेला रस, ज्याची त्याची पेली. इथे एकच चांदीचा प्याला. एकाने घोट घेतला की पाळकबाई कड पांढऱ्या फडक्याने पुसतात, प्याला किंचित फिरवतात आणि पुढच्याच्या ओठाला लावतात. करोनात हा प्याला बंद होता. पुन्हा सुरू झाला त्या रविवारी त्या मिटल्या ओठांच्या शिक्षकांनंतर माझी पाळी आली. मी क्षणभर थबकलो, खोटं कशाला सांगू. आणि मग मला आजोबांच्या त्या दोन पंगती आठवल्या.

लितुर्गिया हा उपासनेचा ग्रीक शब्द. जुन्या अथेन्समध्ये श्रीमंताने पदरच्या पैशाने गावासाठी करायचं काम म्हणजे लितुर्गिया : लढाऊ गलबत चालवा, नाही तर उत्सवातल्या गाणाऱ्यांचा खर्च उचला. म्हणजे पाउंडवाल्याकडे ड्रम मागणारा माझा भाऊ भाषेच्या दृष्टीने अगदी बरोबर होता.

तरी मी त्याला नाही म्हटलं. आत्यालाही. दोघांना एकच निरोप धाडला : यंदाच्या कापणीच्या सणाचं जेवण माझ्याकडून, भात, मटण, शाकाहारी लोकांना वांग्याची भाजी, वाढायला तरुण संघ आणि महिला मंडळ दोघांनीही यायचं. भावाने अंगठा पाठवला आणि दहा मिनिटांनी विचारलं, मग निदान माइकचे तरी? आत्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. मटण कुणाकडून आणायचं ते मी ठरवीन, म्हणाली, त्या पोरांना रुपयाची अक्कल नाही. आणि मग, आवाज जरा खाली आणून, ‘तिथं तुम्ही सगळे एकाच प्याल्यातनं पिता? खरंच?’