हतनूरचा समुद्र

माझ्या चित्राखाली पाटी होती: ‘समुद्र, सायंकाळ. तैलरंग.’ रविवारी दुपारी चहा पिऊन परत आलो, तर ‘समुद्र’ या शब्दावर लाल शाईची सरळ रेघ. वर सुवाच्य अक्षरात ‘हतनूर’, म्हणजे आमच्या भुसावळजवळचं धरण. आणि शेजारी आद्याक्षरांची सही. सरकारी कागदावर खाडाखोड केली की सही करावी लागते, ती शिस्त माणसाने इथेही पाळली होती. ‘सायंकाळ’ मात्र त्यांनी मंजूर केलेली दिसली.

आठवडा झाला. ती पाटी अजून माझ्या पिशवीत आहे. फेकवत नाही आणि पाहवतही नाही.

जळगावात आम्ही पाच जणांनी भाड्याच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं प्रदर्शन मांडलं होतं. मे महिना, बाहेर 44 अंश, आत दोन कूलर, आणि भिंतीला भिंत लावून मंगल कार्यालय. लग्नाची तीथ दाट. त्यामुळे गर्दीची अजिबात ददात नव्हती. पहिल्या दिवशी अभिप्रायाच्या वहीत पाच अभिप्राय पडले, त्यातले तीन कूलरबद्दल होते. एकाने ‘पाण्याची सोय उत्तम’ असं लिहिलं. ते मी आधी माझ्या समुद्राबद्दल समजलो होतो.

तर आप्पा. नाव विचारलं नाही, पण त्यांच्याबरोबरचा मुलगा ‘आप्पा, पंगतीला वेळ आहे, बसा इथं’ असं म्हणून त्यांना आमच्या हवाली करून गेला, म्हणून आप्पा. पांढरा बुशशर्ट, खिशाला निळं, काळं आणि लाल अशी तीन पेनं, केसांत चार-पाच अक्षता. कूलरसमोरच्या खुर्चीत बसले. समोर नेमकं माझं चित्र आलं. पाच मिनिटं पाहिलं. दहा मिनिटं पाहिलं. इतका वेळ माझ्या चित्राकडे माझ्या बायकोनेही कधी पाहिलेलं नाही. मला भरून आलं. जवळ जाऊन उभा राहिलो.

“किती वाजता काढला हा फोटो?”

“फोटो नाही आप्पा. चित्र आहे. हाताने काढलंय, ऑइलमध्ये.”

“ते दिसून राहिलं. मी इचारतो, किती वाजता? दरवाजे सोडायच्या आधी का मंग?”

“कसले दरवाजे?”

“कसले म्हन्जे? हतनूरचे.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“आप्पा, हा समुद्र आहे.”

पोरगं तापात बरळतंय की काय, अशा नजरेने त्यांनी मला पाहिलं. मग आवाज खाली आणून, चार लोकांत माझी शोभा होऊ नये अशा बेताने म्हणाले, “समुद्र निळा राहतो भो.”

“सगळीकडे नाही राहत. हा डुमसचा आहे. सुरतेजवळचा. तिकडे पाणी गढूळच असतं.”

“निळा राहतो. आमचा पोरगा गोव्याले गेला होता. थांबा.”

मोबाइल निघाला. चष्मा निघाला. दुसरा चष्मा निघाला. मग पोरगा आणि निळा समुद्र. पोरगा, सूनबाई आणि निळा समुद्र. नुसती सूनबाई. हॉटेलचा नाश्ता. पुन्हा नाश्ता, यावेळी वरून. एका बिलाचा फोटो (“साडेतीनशे रुपयाचे पोहे! पोहे!”). मग निळा समुद्र आणि कोणी अनोळखी बाई, तो त्यांनी झटकन सरकवला. एकूण चौदा फोटो मी उभ्याने पाहिले. माझ्या चित्राशेजारी मोबाइल धरून त्यांनी निकाल दिला. “हा समुद्र. हे धरण.”

इथे मला जरा मागे जावं लागेल, कारण चूक खरं तर तेव्हाच झाली.

बायकोला कोकणात जायचं होतं. कोकणाचा खर्च मी कागदावर मांडला, आणि त्या कागदाची घडी घालून ठेवली. चित्रकला शिक्षकाचा पगार नि वर रंगांच्या ट्यूबांचा खर्च, यात डुमस बसतं. भुसावळ-सुरत लाइनची गाडी धरायची, अमळनेर, नंदुरबार, नवापूर करत जायचं. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी आणि सासूबाई. पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. त्या बाजूला ओहोटी लागली की समुद्र असा काही मागे सरतो, की धाकट्याने खाली उतरल्याबरोबर विचारलं, “बाबा, समुद्र कुठे गेला?” काळी वाळू, त्यापलीकडे चिखल, त्यापलीकडे एक तपकिरी पट्टा. सासूबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, नि म्हणाल्या, “जावईबापू, यापेक्षा हतनूर काय वाईट होतं? सकाळी डबा घेऊन गेलो असतो, दिवेलागणीला घरी.”

म्हणजे आप्पा काही पहिले नव्हेत. पण सासूबाईंच्या हातात लाल पेन नव्हतं.

भरती आल्यावर मी ईझल लावला. निळ्याची ट्यूब उघडलीसुद्धा नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटत होता. तपकिरी कच्चा अंबर, पिवळी माती, थोडा करडा, आणि फेसासाठी पांढरा, तो सुरीने जाड थापलेला. जे दिसतं ते रंगवायचं, असं मी पोरांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या तासाला पंचवीस वर्षं सांगत आलोय. वारा सुटला आणि काळी वाळू ओल्या रंगावर येऊन बसली. काढायला गेलो तर रंग फिसकटायला लागला, म्हणून राहू दिली. तेवढ्यात माझ्या मागे सहा-सात माणसं रांगेत उभी राहिली होती. मी दहा मिनिटांत माणसाचं तोंड काढून देतो, असा त्यांचा समज. एकाने पोराला कडेवर घेऊन पोझ घेतली होती. मी नाही म्हणालो तेव्हा त्याने विचारलं, मग काय काढता? मी समोर बोट केलं. तो समोर बघून, माझ्याकडे बघून, पोराला घेऊन उंटाकडे गेला. सासूबाईंनी टोमॅटोच्या भज्यांची प्लेट माझ्या पॅलेटवर ठेवली. त्या भज्यांना डुमसमध्ये फार नाव आहे. टर्पेंटाइनच्या वासासकट मी चार खाल्ली, चांगली होती.

तेलावरून आठवलं. तैलरंगातलं तेल म्हणजे जवसाचं. सासूबाईंना हे कळलं तेव्हापासून ती बाटली त्यांच्या डोळ्यांत सलते. जवसाची चटणी करायची सोडून हा माणूस ते फडक्याला चोळतो! त्यांचंही खरं आहे. जवस आपल्याकडचं, कापूस तर आपल्या घरचाच, आणि तेलाची एवढीशी बाटली नि कॅनव्हासचा गुंडाळा मात्र मी मुंबईहून मागवतो, कुरिअरचे पैसे वेगळे देऊन. दाम विचारू नका. कापसाला गाडीवर काय भाव मिळतो नि तोच कापूस खिळे ठोकून चौकटीवर ताणला की काय होतो, याचा हिशेब मी एकदा भावाला सांगितला. तो शेती करतो. तो बराच वेळ काही बोलला नाही.

हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. जाड थापलेल्या पांढऱ्यावर दुधासारखी साय धरते आणि आत ओलं ते ओलंच राहतं. 44 अंशांतसुद्धा. म्हणून हॉलमध्ये मी ‘हात लावू नये’ अशी पाटीही लावली होती. तिच्यात आप्पांनी दुरुस्ती केली नाही. नुसता हात लावला.

“मंग हा गाळ कसा?” त्यांचा अंगठा फेसावर होता. दाबून. गोल फिरवून.

“आप्पा, अहो ओलं आहे! आणि गाळ नाही, ती वाळू आहे. डुमसची वाळू काळी असते.”

“गाळ!” अंगठा त्यांनी माझ्या नाकासमोर धरला. पांढऱ्या रंगात काळे कण. “बत्तीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढली मी. हतनूरमध्ये गाळ किती हाये, मले सांगता? पन एक मानलं पाहिजे. खरा गाळ लावला तुम्ही. बाकीचे लोक नुसता रंग लावतात.”

तीन दिवसांत माझ्या चित्राला मिळालेली ही एकमेव दाद. मी ती नाकारत होतो.

“आणि ही लाट?” मी म्हणालो. “धरणाला लाट येते का?”

“दरवाजे उचलले की पानी अस्संच उसळते.”

आता मी जिंकलो असं मला वाटलं. “मग दरवाजे कुठे आहेत यात?”

“तेच म्हनतो मी,” आप्पा म्हणाले. “ते तुम्ही काढले नाही. एक्केचाळीस हायेत. एक बी नाही काढला.”

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मला तेवढी अक्कल असती तर मी तैलरंगात पडलोच नसतो. मी डुमस, सुरत, अरबी समुद्र, सगळं पुन्हा सांगितलं, नकाशाच हवेत काढला. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “डुमसले कोन्ती नदी भेटते समुद्राले?”

मी थांबलो.

“सांगा ना. मास्तर हायेत ना तुम्ही?”

“तापी.”

“हतनूर कोन्त्या नदीवर हाये?”

“…तापी.”

“मंग पानी कोनाचं?”

“मध्ये उकाईचं धरण आहे आप्पा!” मी जवळजवळ ओरडलो. बाजूच्या स्टॉलवरचे निसर्गचित्रवाले वळून पाहायला लागले.

“उकाईवाले काय सगळं पिऊन घेतात? सोडतातच ना.”

याला उत्तर नाही. मी गेले आठ दिवस शोधतोय. तापी मुलताईला निघते, चांगदेवला पूर्णा तिला मिळते, ते पाणी हतनूरला अडतं, दरवाज्यांतून सुटतं, आमच्या भुसावळच्या खालून निघून उकाई ओलांडून सुरतेला जातं आणि डुमसच्या शेजारी समुद्रात शिरतं. तिकडचा समुद्र गढूळ आहे तो अशा नद्यांच्या मातीनेच. त्यात आमच्या खान्देशची काळी मातीही असणारच. म्हणजे मी तीनशे किलोमीटर जाऊन, सासूबाईंना उन्हात बसवून, प्रामाणिकपणे रंगवलं काय, तर जे घराजवळ होतं तेच! हे मला एका कूलरसमोर बसलेल्या माणसाने समजावून सांगितलं, आणि त्याच्या केसांत अक्षता होत्या.

बाहेरून हाक आली, “आप्पा, बट्ट्या वाढून राहिले!” वरण-बट्टीपुढे कलेचं काही चालत नाही. आप्पा उठले. अंगठा पुसायला काही दिसेना, म्हणून त्यांनी तो अभिप्रायाच्या वहीवर टेकवला. पांढरा, ठसठशीत, वाळूसकट. वहीतला तो एकच अंगठा. मग मी चहाला गेलो, आणि जेवून आल्यावर आप्पा लाल पेन घेऊन एकटेच परत येऊन गेले असावेत.

पाटी पाहिल्यावर चिडून पुन्हा चहाच्या टपरीवर गेलो आणि मित्राला रॉबर्ट गिलची गोष्ट सांगत बसलो. हा गोरा सैनिक अधिकारी. 1844 साली कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. वर्षानुवर्षं लेण्यांच्या अंधारात बसून त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात त्या केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या प्रदर्शनात लावल्या होत्या, 1866 च्या आगीत बहुतेक जळून गेल्या. तो 1879 साली गेला आणि आमच्या भुसावळला पुरलाय. मित्र म्हणाला, बघ, त्याच्या मानाने तुझं बरंच आहे. मी म्हणालो, त्याची चित्रं जळली, पण कोणी खाली ‘वेरूळ’ असं तर लिहिलं नाही.

विनोद सोडा. शाळेत जानेवारी लागला की चित्रकलेचा तास गणिताला जातो. पालक माझ्याकडे येतात ते दहावीच्या वाढीव गुणांसाठी. गॅदरिंगचा पडदा मीच रंगवायचा, क्रीडांगणावर चुन्याच्या रेघा मीच मारायच्या, ‘सर, तुमचा हात चांगला आहे.’ आणि प्रदर्शनात येणारा प्रत्येक जण फ्रेमला हात फिरवून विचारतो, ‘ही फ्रेम केवढ्याला पडली?’ हे सगळं मी गिळत आलोय. पण पाटीवर सही करून दुरुस्ती! आणि खरी मेख पुढे. त्यानंतर आलेल्या माणसांपैकी एकालाही काही खटकलं नाही. उलट प्रथमच माझ्या चित्रासमोर लोक थांबायला लागले. “अरे, हतनूर!” “मागच्या पुरात असंच होतं.” एकाने त्याची मेव्हणी कुठे उभी होती ती जागाही दाखवली. माझं आकाश होतं तिथे.

मी पाटी बदलली नाही. का नाही बदलली, हे बायकोने विचारलं, तेव्हा मी म्हणालो की लाल पेन सापडलं नाही.

काल एका कंत्राटदारांचा फोन आला. धरणाबिरणांची कामं करतात. प्रदर्शन पाहून गेले होते. ऑफिसच्या भिंतीसाठी चित्र हवंय. सांगितली ती किंमत, 18 हजार, एका शब्दात कबूल. फ्रेमचा भाव विचारला नाही. इतका सज्जन माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही.

“फक्त एक करा सर. तेवढे दरवाजे टाकून द्या.”

मी स्पष्ट सांगितलं, विचार करून कळवतो.

रात्री सगळे झोपल्यावर चित्र भिंतीवरून उतरवलं आणि पट्टी घेऊन बसलो. रुंदी 36 इंच. भागिले 41. इंचाच्या थोडं आतच येतो एकेक. डावीकडे आप्पांच्या अंगठ्याचा खड्डा आहे, तिथे तीन दरवाजे आरामात जातील.

बायको पाणी प्यायला उठली होती. माझ्या हातातली पट्टी पाहिली, कागदावरचा भागाकार पाहिला.

“त्यातले उघडे किती दाखवायचे, ते विचारून घेतलं का?”